बाई, तुमचं म्हणणं मी आधी सांगितलं

बाई,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. तुमचे धाकटे भाऊ बोलत होते. "सिंधूताई, आमची ताई गेली," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. खरं सांगते, दुःख व्हायच्या आधी मला भीती वाटली. हातातला डाव तसाच पातेल्यात राहिला आणि डोक्यात एकच आलं, आता गुरुवारी सरकारच्या समितीपुढं मलाच बोलावं लागणार. माणूस गेल्यावर आधी असं वाटावं का, मला माहीत नाही. पण माझी भीती मी तुमच्यापासून कधी लपवली नाही, आता तरी कशाला लपवू?

तुम्हाला ती सगळ्यांत जास्त माहीत होती. बाकीच्यांना वाटतं, इतकी वर्षं झाली, आता काय त्याचं. आमच्या कुंभार पिंपळगावात रानडुकरं हाकलायला कुणी शेतात सुतळी बॉम्ब लावला की मी अजून भिंतीला पाठ लावून बसते. मागं अंगणवाडीत एका पोराचा वाढदिवस होता, फुगा फुटला आणि मी थेट टेबलाखाली गेले. पोरांना वाटलं हा नवीन खेळ आहे. सगळी माझ्यामागं टेबलाखाली घुसली आणि खिदळायला लागली. मग मीही हसले, नाहीतर पोरं घाबरली असती. हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. फोनवर तुम्ही आधी पोरं किती होती ते विचारलंत. मग म्हणालात, "बरं झालं, सगळ्यांला जागा झाली टेबलाखाली."

असं तुम्हीच बोलू शकत होतात.

त्या शहराचं नाव मी आजही घेत नाही. आमचे हे पिकअपमध्ये मोसंबी भरून तिकडं चालले होते आणि मी हट्टानं बरोबर गेले, शहर बघायचं म्हणून. माल उतरवून झाल्यावर आम्ही बाजारात शिरलो. मी बांगड्यांच्या गाड्यापाशी थांबले. हे म्हणाले, "तू घे, मी रस सांगून ठेवतो." आणि चार पावलं पुढं गेले. त्यानंतरचं मला आवाजासारखं आठवतच नाही. छातीत कुणी दार आपटावं तसं आठवतं. माझा उजवा कान त्या दिवशी गेला तो गेलाच.

दवाखान्याच्या व्हरांड्यात समोरच्या बाकावर तुम्ही होतात. पांढरी साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मंठ्याच्या शाळेतल्या सुमनबाई, हे मला नंतर कळलं. तुमची सुजाता त्या शहरात नर्सिंग शिकत होती आणि मैत्रिणीसाठी ओढणी घ्यायला बाजारात आली होती, हेही नंतर कळलं. एक माणूस येऊन म्हणाला, ओळख पटवायला चला. मला उठताच येईना. तुम्ही आलात, माझ्या काखेत हात घातलात आणि म्हणालात, "चल पोरी. आधी तुझं बघू."

अनोळखी बाईच्या नवऱ्याला बघायला तुम्ही आधी आलात. स्वतःच्या लेकीकडं नंतर गेलात. कितीतरी वर्षं मला वाटायचं, केवढं हे मन! एकदा बोलता बोलता मी तसं म्हटलं, तर तुम्ही मान हलवलीत. "मन कशाचं गं. मला सुजाताकडं जायचंच नव्हतं. जेवढं लांबलं तेवढं लांबवून राह्यले होते." तेव्हापासून तुम्ही मला जास्त जवळच्या वाटायला लागलात.

पुढं आपलं सरकारदरबारी जाणं सुरू झालं. जालन्याच्या कलेक्टर कचेरीत पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं होतं की त्या दिवशी तुम्ही त्या बाजारात का गेला होता. त्यांनी सहज विचारलं असेल. पण तुम्ही खुर्चीत सरळ झालात. "साहेब, पूर आला तर कुनी विचारत न्हाई की तुमी नदीकाठी का राहता. वीज पडली तर विचारत न्हाई की शेतात का गेल्ता. बॉम्ब फुटला की पह्यले हेच विचारतात, तुमचं तिथं काय काम होतं. माझ्या लेकीचं काम होतं, ओढनी घ्यायचं." साहेबांनी चष्मा काढून पुसला. मी तुमच्या पदराचं टोक धरून बसले होते. मला वाटत होतं, आता आपल्याला हाकलून देतील.

पण तुम्ही थांबला नाहीत. सगळीकडून माणसं गोळा केलीत. केदारखेड्याचे पंडितराव, ज्यांचा पाय त्याच बाजारात गेला, ते म्हणायचे, "सरकारनं एकदा पाय बसवून दिला. पन लाकडाचा असो का प्लास्टिकचा, पाय झिजतो. दुसऱ्या पायाला कुनाकडं जाऊ?" त्यातून तुमची मागणी आकाराला आली. एकदाची मदत नको, कायदा पाहिजे. स्फोटात सापडलेल्या माणसाचा इलाज आयुष्यभर सरकारनं करावा. खटला लवकर चालावा, आणि कोर्टात आपल्या बाजूनंही वकील उभा राहावा. साक्षीदाराला संरक्षण मिळावं. आणि ज्याच्यावर असा गुन्हा लागला, त्याला निकाल लागेपर्यंत जामीन मिळू नये.

साक्षीदाराचं कलम माझ्यामुळं आलं. कोर्टात माझी साक्ष व्हायच्या आधी एक फोन आला होता. माणूस गोड बोलत होता. "ताई, गावात एकट्याच राहता नं तुमी? तब्येतीला जपा," म्हणाला आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मी मंठ्याला तुमच्याकडं आले, तर तुम्ही चप्पल घालून तयारच. ठाण्यात नेलंत मला. तिथले जमादार म्हणाले, नंबर ब्लॉक करून टाका. तुम्ही विचारलंत, "नंबर ब्लॉक केल्यावर मानूस ब्लॉक होतो का, साहेब?" जमादारांनी दुसरी फाईल उघडली. परत येताना तुम्ही वाटेत दाराला नवं कुलूप घेतलंत, तेव्हा मला कळलं की मामला खरंच भीतीचा आहे. त्यानंतर साक्ष होईपर्यंत तुम्ही मला घरी जाऊ दिलं नाहीत. मी तुमच्याकडंच राहिले. भाकरी मी थापायची, भाजी तुम्ही करायची, आणि भाजीत मीठ कमी पडलं तरी मी बोलायचं नाही.

मुंबईला मंत्रालयात आपण किती हेलपाटे घातले! एका आमदारांनी आपल्याला आत बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, निवडणुकीच्या फलकासाठी एक फोटो काढू, तुमच्या मुलीचा फोटो हातात धरा. मला वाटलं, काढला फोटो तर काम तरी होईल. तुम्ही पर्स बंद केलीत. "माझी लेक मतं मागायला गेली न्हवती," म्हणालात आणि उठलात. खाली येऊन फुटपाथवर बसलात आणि वडापाव मागवलात. मी म्हटलं, बाई, हे मोठे लोक, उद्या काही केलं तर? तुम्ही वडापाव खात म्हणालात, "मंग काय करतील? सुजाताला परत मारतील?"

मला वाटायचं, या बाईला भीती ठाऊकच नाही. ते खोटं होतं हे मला जालन्याच्या स्टँडवर कळलं. आपण मंठ्याच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकाखाली एक पिशवी होती, चेनची, फुगलेली, आणि आसपास कुणी नाही. मी बघितली आणि पळाले. रस्त्यापर्यंत पळत गेले, मागं वळून बघितलं, तर तुम्ही तिथंच उभ्या. मला वाटलं, तुम्ही लोकांना सावध करताय. मी लांबून ओरडले, "बाई, या नं जल्दी!" तुम्ही हललाच नाहीत. मग एक म्हातारी पाण्याची बाटली भरून आली, पिशवी काखेत मारली आणि तुमच्याकडं बघून म्हणाली, "काय माय, माझ्या पिशीवर डोळा हाय का तुझा?" मी परत आले तर तुमचे दात वाजत होते, भर उन्हात. तुम्ही थांबल्या नव्हतात. तुम्हाला पळताच आलं नव्हतं. गाडीत बसल्यावर तुम्ही म्हणालात, "मला बी वाटती गं भीती. पन दोघी बी भ्यायलो तर मंत्रालयात कोन जाईल?"

त्या दिवसापासून मला जास्त भीती वाटायला लागली, बाई. तोवर मी तुमच्या मागं लपत होते. तुम्हीही भिता म्हटल्यावर मी कुणामागं लपू?

आता आपल्या भांडणाकडं येते. ते टाळून हे लिहिणं खोटं होईल.

नसीमआपा तुमच्या दारात आल्या तो दिवस. जालन्याला शिवणकाम करणारी बाई. त्यांच्या मुलाला आपल्याच स्फोटाच्या गुन्ह्यात धरलं होतं. वर्षानुवर्षं आत होता. त्याचे वडील वाट बघत गेले. मग कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. त्या दिवशी तो त्या शहरात नव्हताच, हे सिद्ध झालं. आपा तुमच्या ओट्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमारे कानून में हमारा बी नाम डालो. मेरा बच्चा बी उसीच बम में गया."

तुम्ही दारात होतात, दाराच्या दोन्ही बाजूंना हात लावून. म्हणालात, "तुमचा परत आला."

आपांनी पदर सावरला. "हौ, आया. पन जो गया था, वो नै आया."

तुम्ही आत निघून गेलात. मी त्यांना पाणी दिलं, चहा दिला. त्यांनी चहा पूर्ण प्यायला, कप विसळून ठेवला आणि गेल्या. मी आत आले तर तुम्ही पाठमोऱ्या, डाळ निवडत होतात. मी बोलायला नको होतं कदाचित, पण बोलले.

"बाई, त्यांचं खरं हाय."

"काय खरं हाय? माझ्या लेकीला मारनाऱ्याला जामीन द्यायचा?"

"त्यानं मारलंच न्हाई नं. कोर्टानं सांगितलं."

"एक सुटला म्हनून कलम ढिलं करायचं? त्या वाटेनं धा खरे सुटतील."

"बाई, चुकीचा मानूस इतकी वर्षं आत बसला, तर मंग खरा कुठंय? तो बाहेरच फिरून राह्यला नं? बाजारात, स्टँडवर, आपल्या शेजारी बसत असंल गाडीत. आपन सगळे निवांत झालो, की धरला म्हनून. मला त्याची भीती वाटती. रोज वाटती."

तुम्ही ताट बाजूला सरकवलंत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्यावर ओरडलात. "मंग मी काय धरू, सिंधू? कुनीतरी आत हाय एवढ्यावर मी झोपत होते. आता ते बी काढून घेती का तू?"

मी त्याच दिवशी गावी परतले. नंतर आपण बोललो, फोन केले, समितीची तयारी केली, पंडितरावांच्या पायाचं बोललो. जामिनाच्या कलमापाशी आलो की तुम्ही म्हणायच्या, "ते लिहिलंय तसंच," आणि मी म्हणायचे, "बरं." ते माझं "बरं" तुम्हाला टोचत होतं, मला माहीत आहे. मला तुमची भीती कळत होती. तुम्हाला माझी कळत होती का, हे मी विचारलं नाही. आता विचारता येत नाही.

सरकारनं कायद्याचा मसुदा केला आणि संभाजीनगरला समिती बसणार, स्फोटात सापडलेल्यांचं ऐकणार, असा निरोप आला, तेव्हा तुमचं हृदय थकलं होतं. जालन्याच्या दवाखान्यात मी भेटायला आले, तर नाकाला नळी आणि तरी बोलणं चालूच. मोसंबीला भाव काय, अंगणवाडीत पोरं किती, माझ्या कानाचं मशीन चालतं का. मग मला जवळ बोलावलंत.

"गुरुवारी मला जमनार न्हाई. तू बोल."

"मला न्हाई जमायचं, बाई. माइक बघितला की भ्या वाटतं."

"भ्या बरोबर घेऊन जा. घरी ठेवून कुनाला सांभाळायला देशील?"

मी हसले. तुम्हीही. मग तुम्ही माझं मनगट धरलंत. "आन् जामिनाचं कलम ढिलं करू नको."

मी तुमचं पांघरूण नीट केलं.

"काय गं?"

"काही न्हाई."

"तुझं काही न्हाई मला म्हाईतंय," म्हणालात आणि डोळे मिटलेत. मनगट सोडलं नाहीत. सिस्टर आली तेव्हा तिनं तुमची बोटं सोडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला मंठ्यात तुमच्या शाळेतली पोरं आली होती, आता बायका-पुरुष झालेली. भन्तेजी वंदना घेत होते आणि मी दारातून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातातल्या पिशवीकडं बघत होते. तुमच्या कार्यक्रमात सुद्धा मला ते सुटलं नाही. मागच्या रांगेत नसीमआपा बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन. तुमच्या भावानं त्यांना उठवून पुढं आणलं, खुर्ची दिली. जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "जुमेरात कू तुमीच जा रै?" मी म्हटलं, हो, गुरुवारी मीच. "तो मेरा मत बोलो. बाई कू बुरा लगता." त्यांचा आवाज अगदी साधा होता. मला वाटलं होतं, त्या म्हणतील माझं बोल. त्या म्हणाल्या, नको बोलू. आता तुम्ही दोघींनी मिळून माझं तोंड बंद केलं होतं.

बुधवारी मी जेवले नाही. तुमचं म्हणणं सांगावं, तर नसीमआपांचा कप डोळ्यांपुढं येई. माझं सांगावं, तर तुमची बोटं मनगटावर. आणि या सगळ्याखाली जुनी भीती होतीच, की तिथं बोलले, नाव पेपरात आलं, तर पुन्हा कुणी गोड आवाजात तब्येतीची चौकशी करील.

गुरुवारी पंडितरावांबरोबर गेले. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, माइक. अध्यक्ष वयस्कर होते, हळू बोलणारे. म्हणाले, "सुमनबाईंच्या जागी आपण?" मी म्हटलं, त्यांच्या जागी नाही साहेब, त्या गेल्या म्हणून. मग इलाजाचं बोलले. पंडितरावांनी उभं राहून पाय दाखवला. साक्षीदाराचं बोलले, त्या फोनचं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, आयुष्यभराच्या इलाजावर समितीत सगळ्यांचं एकमत आहे, ते मसुद्यात येईल. साक्षीदाराचंही त्यांनी गंभीरपणे घेतलं. बाई, ते तुमचं आहे. ते झालं.

मग त्यांनी जामिनाचं विचारलं.

मी म्हटलं, "साहेब, आधी बाईंचं म्हननं सांगते, मंग माझं. दोन्ही लिहून घ्या." तुमचं सगळं सांगितलं. तुमच्या शब्दांत, जसं तुम्ही माझ्यावर ओरडलात तसं, कुनीतरी आत हाय एवढ्यावर मी झोपत होते, हेसुद्धा. एक शब्द कमी केला नाही. टेबलाभोवतीच्या माना हलत होत्या. त्यांना ते पटत होतं, मला दिसत होतं.

मग म्हटलं, "आता माझं. चुकीचा मानूस आत बसला की खरा बाहेर राहतो, साहेब. निर्दोष सुटलेल्याला बी मदत करा, आन् ज्यानं बॉम्ब ठेवला त्याला परत शोधा. नुसतं कुनालातरी आत ठेवून मला झोप लागत न्हाई. मला भीती वाटती."

आपांचं नाव मी घेतलं नाही.

एवढं बोलून मी थांबले. आणखी दोन वाक्यं होती, पाठ केलेली. पण थांबले. अध्यक्षांनी थोडी वाट बघितली आणि म्हणाले, "बोला ताई. का थांबलात?"

मी म्हटलं, "इथं कुनीतरी मधी बोलायला पाहिजे होतं, साहेब."

पंडितरावांनी मान खाली घातली. मी तुमची वाट बघत होते, बाई. तुम्ही टेबलावर हात आपटून, सगळ्यांसमोर, मला खोडून काढाल म्हणून. कुणीच खोडून काढलं नाही. कारकुनानं माझं म्हणणं जसंच्या तसं उतरवून घेतलं.